खाली हिरवं बटण

४ जानेवारी

साहेबांनी खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आमच्याकडे दार लागलं की एक तर बदली असते, नाहीतर कुणाची तरी कुचाळकी. आज दोन्ही नव्हतं, काम होतं. आरोग्य खात्याच्या सगळ्या वेबसाइट अंध आणि कमी दिसणाऱ्या लोकांना वापरता येतील अशा करायच्या आहेत. मुख्य साइट, दाखल्यांची साइट आणि सरकारी दवाखान्यात तपासणीची तारीख घ्यायची साइट. मार्चच्या मध्याला उद्घाटन, खुद्द मंत्री येणार. "निवृत्तीआधी तुमच्या नावावर एक चांगलं काम लागेल," साहेब म्हणाले. इतकी वर्षं माझ्या नावावर काय लागलं होतं, ते विचारायचं राहून गेलं.

फायलीत जे लिहिता येत नाही ते इथे लिहीन म्हणतो. मनातलं बाहेर पडलं की माझ्या रक्तदाबाला बरं असतं.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही कुणाचा तरी कोट कमरेत सैल करत बसली होती. "बरं झालं," म्हणाली, आणि मान वर न करता, "अहो, मशीन बिघडलंय बहुतेक. सरळ टीप घातली तरी वाकडी दिसते." उद्या मिस्त्रीला निरोप देतो.

९ जानेवारी

पट्टी ठरली. कंपनीचा माणूस आला होता, त्याचं नाव मी मनात गुळगुळीत ठेवलंय. बोलणं, केस, बूट, सगळंच तसं. त्याची पट्टी साइटच्या तळाशी चिकटून बसते आणि तिच्यावर तीन खुणा असतात. अक्षरं मोठी करा, रंग उलटे करा, वाचून दाखवा. "साइटला हातसुद्धा लावायचा नाही सर, एक ओळ टाकली की झालं." साहेबांचा चेहरा उजळला. साइटला हात लावायचा म्हणजे काय भोगावं लागतं, हे आमच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत. तारखांचं पान तर तीन कंत्राटदारांनी तीन वेळा ठिगळं लावून केलंय.

मिस्त्री येऊन गेला. मशीनला काही झालेलं नाही म्हणाला, उलट एवढं नीट ठेवलेलं मशीन बघितलं नाही म्हणाला. मी हिला गमतीत म्हटलं, "मशीन सरळ आहे, चालवणारी वाकडी झालीय." ही एरवी असल्या टोल्याला सव्वाशेर उत्तर देते. आज नुसतं "असेल" म्हणाली.

१६ जानेवारी

साइट तपासायला खात्यानं एक बाई नेमल्या आहेत. पूर्वी कॉलेजात इतिहास शिकवत होत्या, नजर गेल्यावर हे काम शिकल्या. मी त्यांना तपासनीस बाई म्हणतो, त्यांना चालतं. जिना चढताना मी त्यांचा दंड धरला, तर त्यांनी माझा हात सोडवून स्वतः माझं कोपर धरलं. "असं चालू या. तुम्ही ढकललंत की मला वाटतं, मी हातगाडी आहे."

खोलीत मी जरा मोठ्यानं बोलत होतो, हे माझ्या लक्षात नव्हतं. "मला ऐकू उत्तम येतं," म्हणाल्या. मग दोघंही हसलो.

त्यांच्या संगणकात पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. ते इतकं भराभर बोलतं की मला एक शब्द कळेना. त्यांना सगळं कळतं. "हळू लावलं तर झोप येते," म्हणाल्या.

२३ जानेवारी

ही हल्ली माझ्याकडे सरळ बघत नाही. बोलताना तोंड जरा बाजूला करून तिरक्या नजरेनं बघते. माझं काही चुकलं का, आठवून बघितलं. कामामुळे उशिरा येतो, रविवारीही फायली घेऊन बसतो, त्याचाच राग असणार. विचारलं तर म्हणाली, "कुठे काय." बायका "कुठे काय" म्हणतात तेव्हा कुठेतरी काहीतरी असतं, पण तेवढं शोधायला सवड हवी.

काल चष्मेवाल्याकडे जाऊन आली. "नंबर वाढला का?" विचारलं.

"नंबराचं काही नाही म्हणतो. मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणतो. लवकर."

"या दुकानदारांना स्वतःला जमलं नाही की सगळंच मोठ्या दवाखान्याचं होतं," मी म्हटलं. "उद्घाटन होऊ दे, आपण दोघं जाऊ. तोवर मला घरातलं काही सांगू नकोस बाई, डोक्यात तीळभर जागा नाही."

"बरं," म्हणाली आणि ताटं उचलली. समजूतदार आहे, हे कबूल करायला हवं.

३१ जानेवारी

तपासनीस बाईंनी पहिला अहवाल दिला. म्हणजे मला समोर बसवून सगळं तोंडी सांगितलं आणि मग लेखी पाठवलं. पट्टीचं "वाचून दाखवा" आणि त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर एकाच वेळी बोलायला लागतं. "कानात नवरा-बायको भांडताहेत असं वाटतं, आणि दोघांचंही खरं असतं." तारखांच्या साइटवर बटणांना नावंच दिलेली नाहीत, त्यांना नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कमी दिसणाऱ्या माणसानं अक्षरं सर्वांत मोठी केली की पान खाली वाढतं आणि "तारीख पक्की करा" हे शेवटचं बटण पट्टीच्या मागे जातं. हे त्यांना एका कमी दिसणाऱ्या मैत्रिणीनं बसून दाखवलं.

"म्हणजे ज्याच्यासाठी पट्टी लावली, तोच अडकतो," त्या म्हणाल्या. "ही काढा आणि पान दुरुस्त करा."

गुळगुळीतला फोन केला. एप्रिलनंतर नवी आवृत्ती येईल म्हणाला. पान दुरुस्त करायचं म्हणजे ती तिन्ही ठिगळं उसवायची. मार्च गाठता येणार नाही. साहेबांशी बोलून तो मुद्दा दुसऱ्या टप्प्यात टाकला. दुसरा टप्पा कधी, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. एवढी मोठी अक्षरं लागणारे लोक असे किती असतील, आणि त्यांना मदत करणारं घरात कुणीतरी असतंच, असा मी विचार केला. जेवण नीट गेलं नाही. पित्त असावं.

६ फेब्रुवारी

मोठ्या दवाखान्यातली तारखा देणारी खिडकी आजपासून बंद. सगळं साइटवरून. पट्टी लागलीच आहे, उद्घाटन तेवढं राहिलंय. सकाळी मुद्दाम तिकडून गेलो. जिथे माणसांची ही रांग असायची, तिथे फरशी पुसून लख्ख केलेली आणि भिंतीवर मोठा कागद, साइटचा पत्ता लिहिलेला. बरं वाटलं. आपलं काम डोळ्यांनी दिसतं असं आमच्या धंद्यात क्वचित होतं.

संध्याकाळी घरी आलो तर ही दमून बसली होती, चपलांवर धूळ. "कुठे गेली होतीस?" "दोरा आणायला." दोरा कुठे दिसला नाही. मिळाला नाही म्हणाली. दोऱ्यासाठी माणूस एवढं लांब कशाला जातं कळत नाही.

१२ फेब्रुवारी

आज एक छान झालं. लवकर घरी आलो तर ही माझ्या संगणकासमोर बसलेली, आणि पडद्यावर आमची साइट. अक्षरं इतकी मोठी केली होती की चारच शब्द मावत होते. म्हणजे पट्टी वापरून बघत होती. मला बघून, खरं तर माझी चाहूल लागून, दचकली आणि सगळं बंद केलं.

"अगं, बघ की," म्हटलं. "कशी वाटली?"

"मोठी आहेत अक्षरं."

"मग, तेच तर काम आहे."

इतकी वर्षं मी काय करतो हे हिनं कधी उघडून बघितलं नव्हतं. आत कुठेतरी सुखावलो.

२० फेब्रुवारी

जेवताना हिनं विचारलं, "तुमच्या त्या साइटवर, तारीख निवडली की पुढे काय दाबायचं असतं?"

"कोण विचारतंय?"

जरा थांबून म्हणाली, "शेजारच्या वहिनी. त्यांना गुडघा दाखवायचाय. त्या म्हणतात, तारीख निवडतात, मग शोधत बसतात, मग पान आपोआप पहिल्यापासून सुरू होतं."

"वेळ संपली की तसं होतं, सुरक्षिततेसाठी. त्यांना म्हणावं, खाली हिरवं बटण आहे. चांगलं हे एवढं. आंधळ्यालासुद्धा दिसेल."

हिनं वाटी चाचपून जवळ ओढली. मग म्हणाली, "सांगते."

वहिनींचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. परवाच त्यांना भरल्या पिशव्या घेऊन जिना चढताना बघितलं.

२२ फेब्रुवारी

शिवणाच्या मशीनवर चादर घातलेली. लोकांचे कपडे परत केले म्हणे. "कंटाळा आला," म्हणाली. मी म्हटलं, बरंच झालं, किती वर्षं पाठ मोडून घेणार. हिनं चादरीची टोकं हातानं चाचपून सारखी केली.

१ मार्च

तपासनीस बाईंशी खडाजंगी. त्यांनी पुन्हा तोच मुद्दा काढला, मी पुन्हा दुसरा टप्पा काढला.

"साहेब, तुम्ही स्वतः अक्षरं मोठी करून एकदा तरी तारीख घेऊन बघितलीत?"

"मला कुठे वेळ आहे? पण आमच्या घरी वापरलीय. माझ्या बायकोनं. काही तक्रार नाही तिची."

"शेवटपर्यंत गेल्या का त्या?"

"विचारतो," म्हटलं.

विचारायचं राहिलं. आल्यावर बघितलं तर ही अंधारात बसली होती. दिवा का लावला नाहीस म्हटलं तर म्हणाली, काय फरक पडतो. सध्या सगळ्यांचंच बिनसलंय.

१४ मार्च

उद्घाटन पार पडलं. कसं ते सगळं लिहितो, कारण शेवटचा भाग मला कळलेला नाही.

तपासनीस बाईंना मंचावर येऊन साइट वापरून दाखवायची विनंती केली होती. "जे चालतं ते दाखवीन, आणि जे चालत नाही तेही," असं कळवल्यावर साहेबांनी त्यांना आमंत्रणच पाठवलं नाही. मग गुळगुळीतनं मंत्र्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली आणि संगणकानं मुख्य पान वाचून दाखवलं. फोटो निघाले. मंत्री म्हणाले, या अंधारात मला प्रकाश दिसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पट्टी सोडताना मंत्र्यांचे केस विस्कटले आणि गुळगुळीतनं ते आपल्या कंगव्यानं नीट केले. खात्यात एवढी लगबग मी आजवर कुठल्या रुग्णासाठी बघितली नाही.

ही दुसऱ्या रांगेत होती, ठेवणीतली साडी नेसून. माझं नाव पुकारलं, मी मंचावरून हिच्याकडे बघून हात हलवला. हिनं बघितलं नाही. म्हणजे तोंड माझ्याकडेच होतं, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी. नंतर साहेबांच्या मिसेस समोर येऊन हसल्या, तर ही दगडासारखी उभी. त्या ओशाळून निघून गेल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रिक्षात मी आवाज चढवला. इतक्या वर्षांत एकदा माझं कौतुक झालं, आणि घरचं माणूस असं वागतं. ही ऐकत होती. मग म्हणाली, "मला तुम्ही दिसला नाहीत."

"मंचावर मधोमध उभा होतो मी."

"मंच दिसला. कडेचे पडदे दिसले. तुमच्या शेजारच्यांचे बूट दिसले. मधे तुम्ही नव्हता." मग थोड्या वेळानं, "आत्ताही नाही आहात. कान दिसतो."

रिक्षावाल्यानं आरशातून मागे बघितलं.

१५ मार्च

सकाळी हिला खिडकीपाशी बसवलं. चौकटीकडे बघायला सांगितलं. मधे वाकलीय म्हणाली, आणि वाकलीय तिथे करडा डाग आहे. डाव्या डोळ्यानं तर डागच डाग. "कधीपासून?" "टीप वाकडी दिसायला लागली तेव्हापासून. डाव्याचं त्याच्याही आधी असेल, दोन्ही उघडे असले की कळत नाही."

मी दवाखान्यात ओळखीच्या माणसाला फोन केला. पलीकडून "लगेच घेऊन या" म्हणाला. दोन मिनिटांचं काम. साइट उघडावीसुद्धा लागली नाही.

१७ मार्च

डॉक्टर तरुण आहेत, शांतपणे बोलतात. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी, जिथून आपण वाचतो, सुई ओवतो, माणसाचा चेहरा बघतो, तिथे नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात. डाव्या डोळ्यात जुना व्रण आहे. उजवा जानेवारीत नुकता सुरू झाला असणार. त्याला लगेच डोळ्यात इंजेक्शनं दिली असती तर बरंच वाचलं असतं. आता तिथेही व्रण धरलाय. इंजेक्शनं देऊ, पण ती आणखी पसरू नये म्हणून. कडेचं दिसत राहील. घरात वावरता येईल, रस्ता कळेल. वाचता येणार नाही. चेहरे येणार नाहीत.

"चष्मेवाल्यानं लवकर जा म्हणून सांगितलं होतं ना," डॉक्टर म्हणाले. "मग एवढा उशीर का झाला?"

"आधी इथे आले होते," ही म्हणाली. "खिडकी बंद होती. साइटवरून घ्या म्हणाले. तारीख मिळत होती. पक्की होत नव्हती."

डॉक्टरांनी मान हलवली. "बरेच जण सांगतात असं. कोण करतं या साइट, देव जाणे."

ही माझं नाव घेईल म्हणून मी वाट बघत होतो. हिनं घेतलं नाही. मी कुठे काम करतो ते मीही सांगितलं नाही. हिची पिशवी माझ्या मांडीवर होती, तिचा बंद मी बोटाला गुंडाळत बसलो.

बाहेर बाकावर बसल्यावर विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं."

"मागे लागायचं होतंस मग. ओरडायचं होतंस."

"तुम्हाला विचारलं की खाली बटण आहे ना. तुम्ही म्हणालात, आहे. मग मला वाटलं, माझंच इतकं गेलंय की बटणसुद्धा दिसत नाही. घाबरले. आईचं आठवलं. शेवटी शेवटी तिला कोपऱ्यात बसवायचे आणि तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायचे. म्हटलं, कळेल तेव्हा कळेल."

हिच्या आईला दिसेनासं झालं होतं, हे मला लग्नापासून माहीत आहे. मीही तिच्यासमोर बोललो असेन.

१९ मार्च

कार्यालयात कुणी नसताना तारखांची साइट उघडली. अक्षरं सर्वांत मोठी केली. दवाखाना निवडला, डोळ्यांचा विभाग निवडला, तारीख निवडली. खाली गेलो. पट्टीच्या वरच्या कडेला हिरव्या रंगाची एक रेघ दिसत होती, नखाएवढी जाड. मला माहीत होतं म्हणून दिसली. तिच्यावर दाबायला गेलो तर पट्टी उघडली आणि विचारू लागली, अक्षरं आणखी मोठी करायची का.

मी तसाच बसून राहिलो. पान आपलं आपण पहिल्यापासून सुरू झालं. "आपले स्वागत आहे."

तपासनीस बाईंना फोन केला. सगळं सांगितलं.

"मी लिहून दिलं होतं तुम्हाला," म्हणाल्या.

"हो."

"त्यावर तुमची सही आहे."

"हो."

मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलल्या तर बरं वाटेल. पण त्यांनी विचारलं, "त्या फोन वापरतात का? साधा की बोलणारा?"

२९ मार्च

परवा साहेबांकडे गेलो. या वेळी दार मी लावलं. पट्टी काढू या म्हटलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर नवं सन्मानपत्र लावलंय, काचेला अजून कागद चिकटलेला. "अहो, आत्ता?" म्हणाले. "कौतुकाची शाई वाळली नाही अजून."

मी हिचं सांगितलं. एकदा अडखळलो, मग सांगून टाकलं. साहेब वाईट माणूस नाहीत. उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. रजा घ्या म्हणाले. पट्टीबद्दल मात्र म्हणाले, "एका केसवरून सगळी व्यवस्था कशी बदलायची?"

"एक नाही, साहेब. डॉक्टर म्हणाले बरेच जण."

"मग त्यांच्या तक्रारी कुठे आहेत?"

तक्रारीचं पान त्याच साइटवर आहे. तिथलं पाठवायचं बटणही तळाशीच आहे. हे मी म्हटलं नाही, कारण म्हणेपर्यंत ते फोनवर बोलायला लागले होते.

जागेवर येऊन तारखांच्या साइटवरची पट्टीची ती एक ओळ काढून टाकली. एक ओळ टाकली की झालं, तशीच एक ओळ काढली की झालं. मग ठिगळं उसवायला बसलो. बाई फोनवर होत्या. एकेका बटणाला नाव दिलं, त्यांनी ऐकलं. पक्कं करायचं बटण वर आणलं, तारखांच्या शेजारी. वेळेची अट काढली. तरुणपणी मी हेच काम करायचो आणि मला ते आवडायचं, हे विसरलोच होतो. सगळं धरून दोन सुट्ट्याही गेल्या नाहीत. दुसरा टप्पा म्हणून ज्याचा बागुलबुवा केला होता, तो एवढाच.

८ एप्रिल

ज्ञापन मिळालं. परवानगीशिवाय साइटमध्ये बदल केले. निवृत्तीपर्यंत मला जुन्या सामानाच्या गोदामात बसवलंय. मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेले संगणकाचे पडदे यांचा मी प्रमुख. गुळगुळीतनं येऊन पट्टी परत लावली. बटण मात्र वरच राहिलं, बटणांची नावंही राहिली. ती कुणी बघितलीच नाहीत म्हणून राहिली.

मी फार काही केलं असं वाटत नाही. जे जानेवारीत करायचं ते मार्चअखेरीला केलं. मधल्या काळात आणखी कुणाकुणाची तारीख पक्की झाली नाही, ते मला कधीही कळणार नाही.

१५ एप्रिल

तपासनीस बाई घरी आल्या, हिला बोलणारा फोन शिकवायला. मी आधी हिला विचारलं नव्हतं. इथेही चुकलोच.

ही तोंड फिरवून बसली. "मला नाही शिकायचं. मला दिसायला हवंय."

मी मधे पडणार होतो. बाई म्हणाल्या, "त्यात मी काही करू शकत नाही." त्यांनी समजूत घातली नाही. सगळं ठीक होईल असंही म्हणाल्या नाहीत. दोघी बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं ही म्हणाली, "चहा घेता?" आणि उठली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा जास्त. कप फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी उठलो, तर बाई हळूच म्हणाल्या, "बसा." मी बसलो. केर भरल्याचा आवाज आला, मग पुन्हा पाण्याचा. चहा आला. गोड जास्त झाला होता. तिघांनीही घेतला.

जाताना बाईंनी विचारलं, "परत येऊ?"

"चहा प्यायला या," ही म्हणाली.

२६ एप्रिल

दुसरं इंजेक्शन झालं. आत जाताना हिनं माझा हात धरला नाही. कोपर धरलं, बाई धरतात तसं.

आमच्यात भांडण होत नाही. झालं असतं तर बरं. ही सगळं नीट बोलते, मीठ दे म्हटलं की देते, फोन शिकते, त्याच्या आवाजाला नावं ठेवते. पण आता मला काही विचारत नाही. पूर्वी दिवसातून दहा गोष्टी विचारायची, हे कसं, ते कुठे, हे बरं दिसतं का. उत्तर देताना माझ्या कपाळावर आठ्या असायच्या. आता डब्यात काय आहे ते वास घेऊन बघते, किती वाजले ते फोनला विचारते. गोदामातून मी लवकर येतो, समोर बसून असतो. मला कुणी काही विचारत नाही.

४ मे

लेक परगावाहून आली आहे. तिला आत्तापर्यंत फक्त "आईच्या डोळ्यांचं जरा चाललंय" एवढंच सांगितलं होतं. दारातच तिनं आईला मिठी मारली. आई तिच्या खांद्यावरून बाजूला बघत होती, म्हणजे तिला बघत होती. लेकीला ते कळलं नाही. "आई, इकडे बघ ना माझ्याकडे," म्हणाली. मग तिला कळलं. सामान ठेवते म्हणून आत गेली आणि नळ सोडून ठेवला.

उन्हं उतरल्यावर ती स्वयंपाकघरात काहीतरी चिरत होती. ही बाहेरच्या खोलीत, मी समोर. ही हळू आवाजात म्हणाली, "अहो, कशी दिसते हो ती?"

कितीतरी दिवसांनी हिनं मला काही विचारलं होतं. मी घाईनं सांगायला गेलो, "चांगली आहे," आणि पुढे मला काहीच येईना. ती सकाळपासून घरात होती, माझ्याशी बोलली होती, मला पाणी दिलं होतं. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. "काय बाबा?" "काही नाही, चालू दे तुझं." मी बघत राहिलो. मग परत येऊन बसलो.

"केस कापलेत," म्हटलं. "खांद्यापर्यंत. बारीक झालीय, गळ्याची हाडं दिसतात, पण आजारी नाही वाटत. डोळ्यांखाली काळं आहे. चिरताना खालचा ओठ दातात धरते, तू सुई ओवताना धरायचीस तसा. कानाशी एक पांढरा केस आहे."

"एवढ्यात?"

"एकच आहे."

"रडलीय का?"

"हो. आता नाही. पण रडलीय."

हिनं मान हलवली. मग माझ्याकडे वळली, म्हणजे तोंड बाजूला केलं.

"आणि तुम्ही?" म्हणाली. "तुम्ही कसे दिसता आता?"

"मी तसाच. पहिल्यासारखा."

"नीट सांगा."

मी दिवा लावला, भिंतीवरचा आरसा काढला आणि तो घेऊन हिच्या शेजारी येऊन बसलो.